विश्वस्ताची चौदा वर्षे

३ मार्च १९०४ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने एका फौजदारी प्रकरणाचा निकाल दिला. मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी खालच्या दोन न्यायालयांनी दोषी धरलेल्या आरोपीची शिक्षा रद्द केली आणि त्याच्याकडून वसूल झालेला एक हजार रुपयांचा दंड त्यास परत देण्याचा हुकूम केला. आरोपीचे नाव होते बाळ गंगाधर टिळक.

हा खटला राजद्रोहाचा नव्हता. टिळकांचे नाव निघाले की १८९७ आणि १९०८ हे दोन खटले सर्वांना आठवतात. त्या दोहोंच्या मधला हा तिसरा खटला मात्र फारसा सांगितला जात नाही. त्यात लेख नव्हता, भाषण नव्हते, सरकारवर टीका नव्हती. आरोप होता तो शपथेवर खोटे बोलल्याचा, आणि त्याचे मूळ होते एका मित्राच्या मृत्युपत्रात. इतिहासात ‘ताई महाराज प्रकरण’ म्हणून ते ओळखले जाते.

व्यापारी माणूस या निकालाकडे पाहील तर त्याच्या मनात सहज वही उघडेल. जमेच्या बाजूस परत मिळालेले हजार रुपये आणि धुऊन निघालेले नाव. नावे बाजूस अडीच वर्षांचे हेलपाटे, वकिलांचा खर्च, तुरुंगातले दिवस आणि ज्याची मोजदाद होत नाही असा मनस्ताप. न्यायालयाने दंड परत दिला. बाकीच्या रकमा परत देण्याची सोय कोणत्याच न्यायालयात नसते. म्हणून या प्रकरणाची कथा केवळ एका पुढाऱ्याच्या सुटकेची कथा राहत नाही. दुसऱ्याची ठेव सांभाळण्यास जो कोणी हात पुढे करतो, त्या प्रत्येकाशी तिचा संबंध आहे.

आरंभ १८९७ च्या ऑगस्ट महिन्यातला. त्या वर्षी पुण्याने प्लेग पाहिला होता, रँडचा खून पाहिला होता आणि त्यापाठोपाठ सरकारचा रोषही पाहिला होता. २७ जुलै रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. ते पुण्यास परतले, तोच त्यांचे स्नेही आणि पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज यांना पटकी झाली. मृत्यू समोर दिसत असता बाबा महाराजांनी मृत्युपत्र केले आणि ७ ऑगस्ट रोजी ते निवर्तले. मृत्युपत्रातील विश्वस्तांत टिळकांचे नाव होते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते आणि बाबा महाराजांच्या विश्वासातले आणखी काही जण होते.

त्या वेळी टिळकांजवळ नकार देण्यास हवे तेवढे कारण होते. डोक्यावर राजद्रोहाचा खटला होता, शिक्षा होण्याचा संभव दिसत होता, वृत्तपत्रांचा व्याप होता. ‘माझीच घडी बसलेली नाही, दुसऱ्याची कशी बसवू?’ असे ते म्हणाले असते तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. त्यांनी ती जबाबदारी घेतली. पुढे सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि १८९८ च्या सप्टेंबरात ते सुटून आले, तेव्हा मित्राची ठेव त्यांची वाट पाहतच होती.

ही ठेव सोपी नव्हती. मिळकत मोठी होती, तसे कर्जही होते. मिळकतीचा काही भाग इंग्रजी हद्दीत, तर काही कोल्हापूर संस्थानात. बाबा महाराजांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्या पत्नी सकवारबाई ऊर्फ ताई महाराज गरोदर होत्या. मृत्युपत्रातील योजना अशी होती की, मुलगा झाल्यास तो सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांनी कारभार पाहावा. मुलगा न झाल्यास अथवा होऊन वारल्यास ताई महाराजांनी विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि थोड्याच काळात तो वारला. दत्तकाचा प्रश्न उभा राहिला तो अशा घरात, जिथे एका वर्षाच्या आत पती आणि पुत्र दोन्ही गेले होते. सगळी कागदपत्रे वाचताना ही एक गोष्ट विसरता येत नाही की, त्या वाड्यात एक अगदी तरुण विधवा बसलेली होती. तिच्या नावावर सरदारी होती, पण खर्चाच्या प्रत्येक रुपयासाठी तिला इतरांच्या तोंडाकडे पाहावे लागत होते.

कर्ज फेडायचे म्हणजे खर्चाला आळा घालणे आले. आळा घालणारा विश्वस्त आणि तो सोसणारे घर यांच्यात प्रेम वाढल्याचे उदाहरण विरळाच. व्यापारी कुटुंबांत हे वेगळे सांगावयास नको. भावाच्या पश्चात पुतण्यांचा कारभार पाहणाऱ्या काकांनी, मित्राच्या पेढीची देणी निपटणाऱ्या स्नेह्याने, संस्थेच्या खजिन्याची किल्ली सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव थोडाबहुत घेतलेलाच असतो. हिशेब चोख ठेवणारा माणूस ज्यांच्यासाठी तो ठेवतो, त्यांनाच पुष्कळदा कठोर वाटतो.

१९०१ च्या जून महिन्यात विश्वस्त आणि ताई महाराज औरंगाबादेस गेले. पंडित घराण्याची एक शाखा निजामाच्या मुलखात होती. तिथल्या मुलांतून जगन्नाथ नावाच्या लहान मुलाची निवड झाली आणि जूनच्या अखेरीस औरंगाबादेत दत्तविधान झाले, असे टिळक आणि खापर्डे यांचे म्हणणे. पुण्यास परतल्यावर वारे फिरले. विश्वस्तांपैकीच एक जण ताई महाराजांच्या बाजूस गेले. औरंगाबादेत दत्तविधान झालेच नाही, अशी भूमिका पुढे आली. २९ जुलै १९०१ रोजी विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द करावे असा अर्ज ताई महाराजांच्या वतीने पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यासमोर दाखल झाला. ऑगस्टमध्ये कोल्हापुरात ताई महाराजांनी दुसराच मुलगा दत्तक घेतला.

येथपर्यंत जे घडले तो एक दिवाणी वाद होता आणि त्याला दोन खऱ्या बाजू होत्या, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दत्तक कोणता खरा, विश्वस्तांचे अधिकार कुठपर्यंत, मृत्युपत्राचा अर्थ काय, हे प्रश्न न्यायालयाने सोडवावे असेच होते. वाद न्यायालयात नेणे हा दोष नव्हे. दोष घडला तो पुढच्या पायरीवर.

ॲस्टन यांच्यापुढे महिनोन्‌महिने सुनावणी चालली. टिळकांची दीर्घ उलटतपासणी झाली. ३ एप्रिल १९०२ रोजी न्यायाधीशांनी प्रोबेट तर रद्द केलेच. पण तेवढ्यावर न थांबता टिळकांवर फौजदारी खटला चालविण्यासाठी त्यांस दंडाधिकाऱ्यांकडे पाठविले. आरोप एकूण सात होते. खोटी फिर्याद, खोटा पुरावा तयार करणे, बनावट कागद खरा म्हणून वापरणे, फसवणूक आणि शपथेवर खोटी साक्ष अशी ती यादी होती. त्यांतला एक आरोप हिशेबनीस माणसाला थांबवून ठेवील असा आहे: औरंगाबादच्या प्रवासखर्चाच्या हिशेबात टिळकांनी मागाहून फेरफार केल्याचा. ज्या माणसाने मित्राच्या मिळकतीसाठी केलेल्या प्रवासाचाही खर्च लिहून ठेवला, त्याच्याविरुद्ध ते लिहिणेच पुरावा म्हणून उभे करण्यात आले.

दिवाणी वादात हरलेला पक्ष चुकलेला असतो. फौजदारी खटल्यात हरलेला गुन्हेगार ठरतो. या दोहोंमधले अंतर जो पुसून टाकतो, तो न्याय मागत नसून प्रतिपक्षाचा काटा काढू पाहत असतो. ताई महाराजांच्या घरच्या वादात सरकारला एवढा रस का वाटावा, याचे उत्तर त्या काळच्या पुण्यातील पोरासही ठाऊक होते. ज्या माणसास लेखणीमुळे एकदा तुरुंगात पाठविले, त्याचे चारित्र्यच काळे ठरले तर त्याच्या लेखणीचे मोल आपोआप उतरणार होते. राजद्रोही म्हणून शिक्षा झालेला पुढारी लोकांच्या मनात मोठा होतो. विधवेस फसविणारा आणि खोटी शपथ घेणारा म्हणून शिक्षा झालेला पुढारी उभा राहू शकत नाही.

मूळ प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम उच्च न्यायालयाने १९०२ मध्येच फिरविला. तरीही फौजदारी खटला थांबला नाही. क्लेमेंट्स नावाच्या खास दंडाधिकाऱ्यांसमोर तो चालू राहिला. तारखा पडत राहिल्या. याच काळात, १९०३ साली, टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. याच वर्षी वेदांतील आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या माणसाच्या घरात मुलाचा मृत्यू, न्यायालयात खोटेपणाचा आरोप आणि टेबलावर छापखान्याची मुद्रिते हे सारे एकाच वर्षात होते, त्याच्या मनाची घडण कोणती असेल याची कल्पना ज्याने त्याने करावी. त्याच वर्षी ताई महाराजही वारल्या. ज्यांच्या नावे हा सारा वाद उभा होता त्या जगातून गेल्या. पण वाद राहिला. खटल्याचे चाक एकदा फिरू लागले की ते कोणासाठी फिरते आहे हे विचारण्यास कोणी उरत नाही.

२४ ऑगस्ट १९०३ रोजी क्लेमेंट्स यांनी टिळकांना दोषी ठरविले. औरंगाबादच्या दत्तविधानासंबंधी शपथेवर दिलेली साक्ष खोटी, असा निष्कर्ष काढून त्यांनी अठरा महिने सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा दिली. अपिलात सत्र न्यायाधीश ल्यूकस यांनी ४ जानेवारी १९०४ रोजी दोष कायम ठेवला, शिक्षा मात्र सहा महिन्यांवर आणली. टिळकांची रवानगी तुरुंगात झाली आणि जामीन होईपर्यंतचे दिवस त्यांना तिथे काढावे लागले. त्यानंतर दोन महिन्यांनी उच्च न्यायालयाचा तो निकाल आला. दोष रद्द झाला, शिक्षा रद्द झाली, दंड परत मिळाला. उरलेले आरोप सरकारने मागे घेतले. सात आरोपांची ती भली मोठी यादी शेवटी एकाही आरोपावर टिकली नाही.

निकाल देणारे न्यायाधीश इंग्रज होते आणि आरोपी इंग्रज सरकारचा उघड विरोधक होता, ही गोष्टही नोंदविण्यासारखी आहे. न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीला समोरच्या माणसाचे राजकारण आवडते की नाही, यावर पुराव्याचे वजन ठरत नसते. खालच्या दोन न्यायालयांना जे जमले नाही ते वरच्या न्यायालयाने केले: माणूस बाजूला ठेवून कागद वाचले.

फौजदारी खटला संपला तरी दिवाणी दावा संपला नव्हता. औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरावे यासाठी विश्वस्तांनी लावलेल्या दाव्याचा निकाल १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला. त्यावर प्रतिपक्षाने अपील केले आणि १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. तिथून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांतही या दाव्याचा विषय येत असे. सुटकेची खात्री नाही, प्रकृती ढासळलेली, आणि तरीही चौदा वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राच्या इच्छेचा विचार चालू आहे, असे ते दृश्य आहे.

अखेर प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. २६ मार्च १९१५ रोजी तिथे निकाल लागला आणि औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरले. उच्च न्यायालयाचा १९१० चा निकाल रद्द झाला, पुण्याच्या न्यायालयाचा १९०६ चा निकाल उचलून धरण्यात आला. पहिला अर्ज पडला तेव्हापासून जवळजवळ चौदा वर्षे झाली होती. टिळक मंडालेहून परत येऊन एक वर्षही झाले नव्हते.

या निकालात लॉर्ड शॉ यांनी मांडलेले एक तत्त्व आजही भारतातील न्यायालयांत दाखल्यादाखल सांगितले जाते. औरंगाबादेत दत्तविधान झालेच नाही असे म्हणायचे, तर टिळक, खापर्डे आणि त्यांच्याबरोबरचे इतके सारे साक्षीदार संगनमताने खोटे बोलले असा त्याचा अर्थ होतो. एवढा गंभीर ठपका ठेवायचा असेल तर साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतानाच तो त्याच्यासमोर स्पष्ट मांडला पाहिजे आणि खुलासा करण्याची संधी त्याला दिली पाहिजे. समोर विचारायचे नाही आणि मागाहून निकालपत्रात खोटारडा म्हणायचे, हे न्यायाला धरून नाही. पुढे कितीतरी सामान्य माणसांना या तत्त्वाचा आधार मिळाला. त्यांच्यापैकी बहुतेकांना हे ठाऊकही नसेल की, तो आधार पुण्यातील एका वाड्याच्या भांडणातून निर्माण झाला.

हे तत्त्व न्यायालयापुरतेच राहू नये. ज्या घरांत भागीदारी आहे, एकत्र पेढी आहे, समाजसंस्थेचा कारभार आहे, तिथे संशय नेहमी पाठीमागे बोलला जातो. ‘हिशेबात काही तरी आहे’ एवढे एक वाक्य लग्नाच्या पंगतीत टाकले की पुरते. ज्याच्याविषयी बोलले त्याला समोर बसवून, वही उघडून, ‘ही नोंद समजावून सांगा’ असे विचारण्यास धैर्य लागते. ते धैर्य वेळीच दाखविले असते तर कित्येक दावे कोर्टाची पायरी चढलेच नसते.

या प्रकरणातील खरा धडा मात्र दिवाणी आणि फौजदारी यांच्या सरमिसळीचा आहे, आणि तो आजच्या बाजारपेठेस फार जवळचा आहे. माल दिला, पैसे आले नाहीत. भागीदारी मोडली, हिशेब जुळला नाही. जागेचा व्यवहार फिसकटला. हे सारे दिवाणी वाद. पण दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो, म्हणून फसवणुकीची आणि विश्वासघाताची फिर्याद देऊन समोरच्याला पोलीस ठाण्यात बसविण्याचा मोह होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली इंडियन ऑइल आणि नेपीसी या कंपन्यांमधील प्रकरणाचा निकाल देताना या प्रवृत्तीकडे स्पष्ट बोट दाखविले. निव्वळ दिवाणी वादांना फौजदारी रूप देण्याकडे व्यापारी वर्तुळांचा कल वाढतो आहे आणि फौजदारी कारवाईचा धाक दाखवून दिवाणी येणे वसूल करण्याचा प्रयत्न मोडून काढला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. ‘व्यापारी वर्तुळे’ हा उल्लेख वाचून व्यापारी घराने क्षणभर थांबावे, हे बरे. १९०२ साली जे एका सत्तेने आपल्या विरोधकाशी केले, तेच आज एक दुकानदार दुसऱ्या दुकानदाराशी करतो. फरक एवढाच की टिळकांजवळ उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ होते, दुसऱ्या दुकानदाराजवळ ते असेलच असे नाही.

निराधार फिर्याद सुरुवातीलाच थांबविण्याचे मार्ग कायद्यात आहेत. हरियाणाचे माजी मुख्यमंत्री भजनलाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिलेल्या निकालात फिर्याद कोणत्या परिस्थितीत रद्द करता येईल याचे सात प्रकार सांगितले. केवळ सूड उगविण्यासाठी दुष्ट हेतूने दाखल केलेली फिर्याद हा त्यांतलाच एक. गंमत अशी की, त्या प्रकरणात न्यायालयाने मूळ फिर्याद रद्द केली नाही. पुढारी आहे म्हणून आरोप खोटाच, असे न्यायालय मानत नाही. पुढारी आहे म्हणून खराच, असेही मानत नाही. दिवाणी दाव्यांतही, अर्ज वाचताच कोणताही हक्क दिसत नसेल तर तो फेटाळता येतो. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ सालच्या एका निकालात खालच्या न्यायाधीशांना बजावले होते की, पोकळ दावा पहिल्याच सुनावणीत पक्षकाराला प्रश्न विचारून खुडून टाकावा. महाराष्ट्रात १९७१ पासून असा कायदाही आहे की, सवयीने त्रासदायक दावे लावणाऱ्या माणसाला उच्च न्यायालय परवानगीवाचून नवे दावे लावण्यास बंदी करू शकते.

पण नुकसानभरपाईची बाजू पाहिली तर जुनी वहीच पुन्हा उघडावी लागते. खोट्या आणि त्रासदायक दाव्याबद्दल प्रतिपक्षाला भरपाई देण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत १९२२ साली आली. तिची मर्यादा १९७६ मध्ये वाढविली, ती तीन हजार रुपयांपर्यंत. आजच्या वकिलाच्या एका तारखेचाही खर्च त्यातून निघणे कठीण. मोठ्या व्यापारी वादांपुरती ही मर्यादा २०१५ च्या कायद्याने काढली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. टिळकांना हजार रुपये परत मिळाले. आज निर्दोष ठरणाऱ्याच्या पदरातही पैशाच्या रूपाने फारसे काही पडत नाही. निर्दोष सुटणे आणि नुकसान भरून येणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दावा लावण्यापूर्वी रागाच्या भरात असलेल्या माणसाने हे ध्यानात घ्यावे, कारण समोरच्याचे जे नुकसान तो करील ते पुढे त्याला पश्चात्ताप झाला तरी भरून देता येणार नाही.

मग प्रश्न उरतो तो असा की, असे होणार असेल तर दुसऱ्याची ठेव सांभाळण्याच्या भानगडीत शहाण्या माणसाने पडावे तरी कशाला? हा प्रश्न आज समाजात उघडपणे विचारला जातो. विश्वस्त होण्यास योग्य माणसे नकार देतात. ‘उगाच नाव खराब होते’ असे म्हणतात. पोरक्या भाचरांचा कारभार पाहण्यास मामा कचरतो. मृत्युपत्रात नाव घालू देण्यास मित्र तयार होत नाही. चांगली माणसे अशी मागे सरली की ठेव नाइलाजाने इतरांच्या हाती जाते.

टिळकांच्या चौदा वर्षांत या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत मिळते. पहिला भाग अगदी रोजच्या व्यवहारातला. ज्या क्षणी घडले त्याच क्षणी लिहून ठेवलेले कागद आणि ज्यांच्या समक्ष घडले ते साक्षीदार, हेच शेवटी उपयोगी पडले. विश्वासाचे काम आहे म्हणून कागद नको, ही समजूत घातक आहे. विश्वासाच्या कामालाच कागद अधिक लागतो. घरातल्या माणसाचा पैसा असेल तर पावती अधिक काळजीने लिहावी. सभेचा ठराव त्याच दिवशी नोंदवून त्यावर सह्या घ्याव्या. ज्याची ठेव आहे त्या कुटुंबाला, विशेषतः घरातील स्त्रीला, हिशेब वर्षातून एकदा समोर बसून समजावून सांगावा. ताई महाराजांच्या वाड्यात संशयाला जागा कशी झाली, याचा विचार करताना असे वाटल्यावाचून राहत नाही की, कर्ज किती, फिटले किती, खर्च का आवरायचा, हे त्या तरुण बाईला कोणी धीराने आणि आदराने पुन्हा पुन्हा सांगितले असते तर तिच्या कानाशी लागणाऱ्यांचे काम कठीण झाले असते. चोख हिशेब ठेवणे हे विश्वस्ताचे अर्धे कर्तव्य. तो समजावून सांगणे हे उरलेले अर्धे.

उत्तराचा दुसरा भाग व्यवहाराच्या पलीकडचा आहे. १९०१ च्या वादानंतर कोणत्याही दिवशी टिळकांना विश्वस्तपदाचा राजीनामा देऊन मोकळे होता आले असते. तसे केले असते तर खटल्याची धार बोथट झाली असती आणि सरकारलाही ते रुचले असते. परंतु औरंगाबादेत ज्या लहान मुलाला दत्तक म्हणून मांडीवर बसविले, त्याचा हक्क मग कोणी सांगितला असता? मित्र बोलू शकत नव्हता, मूल अज्ञान होते. दोघांच्या वतीने बोलणारा एकच माणूस होता आणि तो तुरुंगात जाऊनही बोलत राहिला. १९१५ मध्ये निकाल लागला तेव्हा औरंगाबादचे ते लहान मूल तरुण झाले होते.

बाबा महाराजांनी मृत्युशय्येवर केलेली निवड चुकली नव्हती, हे सिद्ध होण्यास अठरा वर्षे लागली. ती निवड करताना त्यांनी मित्राची श्रीमंती पाहिली नाही, श्रीमंती नव्हतीच. त्याची सुरक्षितता पाहिली नाही. तो जामिनावर सुटलेला आरोपी होता. मरणाऱ्या माणसाला उसंत थोडी असते, म्हणून त्याची पारख कदाचित अधिक स्वच्छ होत असावी. आपल्या पश्चात आपले घर कोणाच्या हाती द्यावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबप्रमुखाला कधी ना कधी पडतो. त्याबरोबरच दुसराही प्रश्न स्वतःला विचारावा: उद्या कोणा मित्राने शेवटच्या घटकेला आपले नाव घेतले, तर आपण होकार देऊ का, आणि दिलेला होकार चौदा वर्षे निभावू का?